नाकाला काम नसलेली भाषा

नाक चिमटीत धरा आणि म्हणा, ‘मामा’. झाला ना ‘बाबा’? सर्दी झाली की आपली मराठी अशीच होते. ‘म’ला, ‘न’ला नाकाची वाट लागते, ती तुंबली की उरतात ‘ब’ आणि ‘द’.

आता या बेटाकडे बघा. पापुआ न्यू गिनी देशातलं, पूर्वेकडचं बोगनविल. इथल्या मधल्या डोंगरांत चारेक हजार माणसं रोटोकास बोलतात. तिच्या मध्य बोलीत ‘म’, ‘न’ हे वेगळे वर्णच नाहीत. एकूण वर्ण 11: सहा व्यंजनं आणि पाच स्वर. रोमन लिपीत अक्षरं मात्र 12, कारण ‘इ’पुढे ‘त’चा ‘स’ होतो आणि त्या ‘स’ला स्वतंत्र अक्षर दिलंय. आपल्या बाराखडीत एकट्या ‘क’ची जेवढी रूपं, तेवढ्यात इथे अख्खी भाषा लिहून होते!

जोडाक्षरं नाहीत. शब्द स्वरावरच संपतो. गंमत म्हणजे ‘रोटोकास’ हे जगानं धरलेलं नावच या नियमात बसत नाही.

वर्ण थोडे म्हणून व्याकरण सोपं असेल, तर तसंही नाही. आपल्यासारखंच क्रियापद शेवटी, लिंगं तीन आणि वर द्विवचन. ‘ओसिरेइतोआरेइ’ म्हणजे दोन डोळे. त्यातली जोडी दाखवतो ‘तोआरेइ’. संस्कृतातलं ‘नेत्रे’ आठवा. आपल्याकडे द्विवचन प्राकृतातच गळून पडलं. शिवाय क्रियापदांचे दोन गट. कर्ता तोच असला, तरी गट बदलला की क्रियापदाला लागणारा त्याचा प्रत्यय बदलतो.

मग ‘म’ गेला कुठे? याच भाषेच्या आइता बोलीत तो आहे. तिथे ‘ब’ वेगळा, ‘म’ वेगळा. ‘द’ आणि ‘न’ही वेगळे. 2006 मध्ये भाषाशास्त्रज्ञ स्टुअर्ट रॉबिन्सन यांनी मांडलं की आधी दोन्ही होते, मध्य बोलीत ते एकमेकांत मिसळले. तेव्हा ‘आदिम, साधी भाषा’ वगैरे म्हणायची घाई नको.

मध्य बोलीत नाकातले उच्चार क्वचितच कानावर पडतात. कधी, ते या भाषेचे अभ्यासक फर्चो दांपत्य यांनी 1969 मध्ये नोंदवून ठेवलंय. बाहेरचा कुणी रोटोकास बोलायला जातो आणि इथली माणसं त्याची नक्कल करतात, तेव्हा! मग ‘म’ आणि ‘न’ येतातच, पाहुण्यानं ते उच्चारलेले असोत वा नसोत.