एर्जेंचा चांग, शांघायचा झांग

ब्रसेल्सचा विमानतळ, मार्च १९८१. कॅमेऱ्यांच्या गराड्यात दोन म्हातारे एकमेकांना कवटाळतायत. दोघांचाही जन्म १९०७ चा. एक बेल्जियमचे चित्रकार एर्जे, टिनटिन या चित्रकथेतल्या नायकाचे जनक. दुसरे शांघायचे शिल्पकार झांग चोंगरेन. मधे सेहेचाळीस वर्षं गेलीत.

झांग लहान असतानाच आई गेली. शांघायच्या तुशानवानमधल्या जेझुइट अनाथालयात ते वाढले. तिथे पोरांना लाकूड कोरायला, चित्रं काढायला, छपाई करायला शिकवत. झांग फ्रेंचही शिकले. १९३१ मध्ये ते ब्रसेल्सच्या रॉयल अकादमीत दाखल झाले, आणि हात मातीत रमला.

१९३४ मध्ये एर्जे टिनटिनला चीनला धाडायच्या तयारीत होते. तोवर त्यांनी रंगवलेले चिनी म्हणजे लांब शेंडीचे, क्रूर. एका पाद्र्याने बजावलं, आधी नीट माहिती घ्या. त्यातून या दोघांची गाठ पडली.

आता टिनटिनच्या त्या चीनच्या गोष्टीतल्या, ‘द ब्लू लोटस’मधल्या या भिंती बघा. वरची चिनी अक्षरं झांग यांच्या हातची. ‘साम्राज्यवाद मुर्दाबाद.’ ‘असमान तह रद्द करा.’ बेल्जियमच्या पोरांना ती नक्षीच वाटली असणार! जपान्यांनीच रेल्वेमार्ग उडवून आळ चिन्यांवर घातला, हेही गोष्टीत आलं. जपानी मुत्सद्द्यांनी तक्रार केली. आणि पुरातून टिनटिन ज्याला वाचवतो, त्या पोराचं नाव चांग, म्हणजे झांगच, एर्जेंच्या उच्चारात.

१९३५ मध्ये झांग मायदेशी परतले. शांघायमध्ये स्टुडिओ थाटला, विद्यार्थी घडवले. मग युद्ध, क्रांती; पत्रं थांबली. सांस्कृतिक क्रांतीत त्यांच्या कितीतरी मूर्ती फुटल्या. ज्यावर बोलायला हवं ते काम हेच, पण दाखवायला फार थोडं उरलंय.

१९५८ मध्ये एर्जेंनी टिनटिनला पुन्हा चांगच्या शोधात पाठवलं. दिल्लीत कुतुबमिनार बघून तो हिमालयात जातो. विमान कोसळलंय, चांग मेला, असं सगळे सांगतात. टिनटिन ऐकत नाही.

खऱ्या भेटीनंतर दोनच वर्षांत, १९८३ मध्ये एर्जे गेले. झांग १९८५ मध्ये फ्रान्सला आले, तिथेच स्थायिक झाले, राष्ट्राध्यक्ष मितराँ यांचा अर्धपुतळा घडवला. १९९८ मध्ये तिथेच वारले.

फ्रान्समधलं हे आंगुलेम, चित्रकथांचं गाव. रस्त्याचं नाव एर्जे. पुतळा एर्जेंचा. घडवणारा, चांग.