टूथपेस्टचं खोकं

मुलांनो, माझ्या हातात टूथपेस्टचं रिकामं खोकं आहे. दोन्ही टोकांची झाकणं मी फाडून टाकली आहेत. आता एक टोक पुढे आणि दुसरं मागे पिळतो. बघा, खोकं मोडलं नाही. एका टोकाची वरची कड पुढे झुकली, दुसऱ्या टोकाची मागे गेली.

१८९९ साली अमेरिकेत, ओहायोतल्या डेटन गावी, विल्बर राइट आपल्या सायकलच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होता. हातात सायकलच्या ट्यूबचं असंच खोकं होतं. बोलता बोलता त्यानं ते पिळलं, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विमानाचे पंख असे पिळले तर? एका बाजूला हवा जास्त उचलेल, दुसऱ्या बाजूला कमी, आणि विमान हवं तिकडे कलेल. सायकलवाल्याला हे लवकर उमगतं, कारण वळताना सायकल कलवावीच लागते!

उडायचं म्हटलं की जो तो इंजिनाचा विचार करायचा. पण जर्मनीचा ओटो लिलिएंटाल अंग इकडेतिकडे झुकवून ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचा, तोल सांभाळत असे. १८९६ मध्ये तो कोसळला आणि गेला. त्याच्या मृत्यूची बातमी विल्बर आणि त्याचा धाकटा भाऊ ओरव्हिल या दोघांच्या मनात घर करून राहिली. आधी तोल, मग इंजिन, असं त्यांनी ठरवलं.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती १९०१ची गोष्ट. अमेरिकेच्या समुद्रकाठच्या किटी हॉक गावाजवळच्या वाळूत त्यांचा नवा ग्लायडर हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश वजन उचलत होता. विल्बर इतका खचला की पन्नास वर्षं तरी माणूस उडणार नाही, असं तो ओरव्हिलला म्हणाला. मग घरी येऊन दोघांनी काय केलं? पुस्तकातले आकडेच तपासायला घेतले! सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, एका तोंडाशी पंखा बसवला. आत करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या स्पोकची तार जोडून नाजूक तराजू केला. पत्र्याचे बोटाएवढे पंख कापून एकेक त्यावर टांगला, असे सुमारे दोनशे. कळलं ते असं, की हवेच्या दाबाचा जो आकडा लोक शंभराहून जास्त वर्षं वापरत होते, तोच फार मोठा होता. छापलेल्या आकड्याला त्यांनी मोजून उत्तर दिलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पुढच्या वर्षीचा ग्लायडर छान उडाला. मग इंजिन. दुकानातल्या चार्ली टेलरनं ते सहा आठवड्यांत बनवलं, साधारण बारा अश्वशक्तीचं. विमान पुढे ढकलणाऱ्या पंख्यांना ते जोडलं होतं साखळ्यांनी, सायकलीसारखं.

१७ डिसेंबर १९०३. हाडं गोठवणारा वारा. सकाळी १०:३५ला ओरव्हिल पंखावर पालथा झोपला आणि १२ सेकंदांत १२० फूट गेला. त्या दिवशीच्या चौथ्या खेपेला विल्बर ५९ सेकंद हवेत होता, ८५२ फूट! थोड्याच वेळात वाऱ्याच्या झोतानं उभं विमान उलटंपालटं करून मोडून टाकलं.

भाऊ जेवले, आणि वडिलांना तार करायला किटी हॉकपर्यंत चालत गेले. तारेत ५९चे ५७ सेकंद झाले, ओरव्हिलच्या नावाचं स्पेलिंगही चुकलं. शेवटी लिहिलं होतं, ख्रिसमसला घरी येतोय.