वीस दिवसांची शिदोरी: इम्फाळ-कोहिमा, १९४४

नमस्कार राजेहो. आधी हे चाक पाहा. (कॅमेरा खाली नेत) रात्री पाऊस झाला, आणि आमच्या पांदणीत बंडी तुंब्यापर्यंत गाऱ्यात रुतली. वावर अजून दीड किलोमीटर आहे. खताच्या चार थैल्या आता डोक्यावर न्याव्या लागतील. आजची लढाई मी मुद्दाम इथं उभा राहून सांगतोय, कारण हा गारा तिच्यातही होता.

मार्च १९४४. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात होता. जनरल मुतागुचीच्या तीन डिव्हिजन चिंदविन नदी ओलांडून मणिपूर आणि नागा टेकड्यांकडे निघाल्या. कोहिमा घेतलं की दिमापूर-इम्फाळ सडक तुटते आणि इम्फाळ एकटं पडतं, हा डाव. जवानांजवळ शिदोरी मात्र जेमतेम वीस दिवसांची. पुढं काय खायचं? तर इम्फाळ जिंकायचं आणि इंग्रजांच्या कोठारातलं खायचं. दुसऱ्याच्या वावरातली कपाशी अजून बोंडात आहे, अन् तिच्या भरवशावर आपण उधारी करून बसलो, असा हा हिशेब.

सोबत हजारो बैल हाकले होते. ते आधी ओझं वाहतील, मग कापून खाता येतील. कितीतरी बैल चिंदविनमध्येच बुडाले, उरलेल्यांतले बरेच डोंगर चढताना गेले. कोणत्याही कास्तकाराला विचारा. जुवाखाली वाढलेल्या बैलाचा खांदा ओढायला तयार झालेला असतो. त्याच्या पाठीवर पोतं बांधून त्याला घाटात चढवलं तर तो बसतो, आणि एकदा बसला की उठत नाही.

समोर होता इंग्रजांचा सेनापती जनरल स्लिम. त्यानं फौजा इम्फाळच्या मैदानाकडे मागं घेतल्या, म्हणजे जपान्यांची रसद लांबत जाईल. वाटेत सांगशाकला भारतीय पॅराशूट ब्रिगेड २६ मार्चपर्यंत झुंजली. त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची ४ थी बटालियन होती. हे नाव आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं. तिथं गेलेले ते दिवस जपान्यांच्या शिदोरीतून वजा झाले.

मग कोहिमा. आत इंग्रजांकडून लढणारे सुमारे दीड हजार, आणि चालून आली जपानी जनरल सातोची ३१वी डिव्हिजन, १२ ते १५ हजारांची. एप्रिलमध्ये पंधरवडाभर वेढा होता. प्यायचं पाणीसुद्धा मोजून मिळे. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट होतं. त्याच्या एका कडेला इंग्रजांकडचे, दुसऱ्या कडेला जपानी. मधल्या अंतरात हातबॉम्ब फेकत होते.

पण माझ्या मते पारडं फिरलं ते दिमापूरला, जिथं लढाई झालीच नाही. कोहिमाहून ४६ मैलांवर ११ मैल लांब, १ मैल रुंद पसरलेला इंग्रजांचा डेपो होता, आणि सुरुवातीला तिथं लढणारी फौज जवळजवळ नव्हतीच. मुतागुचीला तिकडं जायचं होतं, त्याच्या वरिष्ठानं, कावाबेनं, रोखलं. सातोचे जवान उपाशी राहिले आणि पोटभर अन्न ४६ मैलांवर पडून राहिलं.

इकडं वेढलेल्या इम्फाळला विमानं धान्य, दारूगोळा पुरवत होती. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या आराकानमधली ५वी भारतीय डिव्हिजन तर तोफा-खेचरांसकट विमानानं आणली. मग पावसाळा लागला. गारा दोघांच्याही वाट्याला होता, विमानं मात्र एकाचजवळ होती. सातो तांदूळ मागत राहिला, तांदूळ आला नाही. मेअखेर त्यानं वरचा हुकूम मोडून माघार घेतली. २२ जूनला सडक खुली झाली. जपानचे सुमारे ३० हजार मेले. गोळीपेक्षा भूक, हगवण आणि मलेरियानं जास्त.

सांगताना मला जड जातं ते वेगळंच. १४ एप्रिलला मणिपुरातल्या मोइरांगला जपानच्या बाजूनं लढणाऱ्या आझाद हिंद फौजेनं तिरंगा फडकवला होता. ते जवानही याच उपासमारीत, याच चिखलातून मागं फिरले. दोन्हीकडं आपलीच पोरं होती.

कोहिमाच्या स्मशानभूमीत त्या टेनिस कोर्टाच्या पांढऱ्या रेघा आजही राखल्या आहेत. वर टेकडीच्या माथ्यावर अग्नी दिलेल्या ९१७ हिंदू आणि शीख जवानांचं स्मारक आहे. सोयाबीन निघालं की मी तिथं जाणार आहे. जमलं तर पुढचा व्हिडिओ तिथूनच करतो.