मागच्या खोलीतली माणसं

मंडळी, चांद्रमोहीम म्हटलं की ह्यूस्टनचा नियंत्रण कक्ष डोळ्यांपुढे येतो. पण तिथल्या प्रत्येकाच्या हेडसेटमध्ये मागच्या खोलीतलं कुणीतरी बोलत असे. ही माणसं कॅमेऱ्यात कधीच आली नाहीत.

२० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चं यान ‘ईगल’ चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकावर १२०२ हा अलार्म, म्हणजे कामाचा भार जास्त झाल्याचा इशारा, वाजला. निर्णय द्यायचा होता नियंत्रण कक्षातले मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स यांना. मागच्या खोलीतून जॅक गारमन यांनी सांगितलं, अधूनमधून वाजत असेल तर हरकत नाही, उतरू द्या. गारमन यांचं वय वर्षं चोवीस! मोहिमेच्या थोडं आधी झालेल्या सरावात अशाच अलार्मवर बेल्सनी उतरणं विनाकारण रद्द करायला लावलं होतं. त्यानंतर उड्डाण संचालक जीन क्रान्झ यांनी प्रत्येक अलार्मचा अर्थ लिहून काढायचा हुकूम सोडला आणि गारमननी हातानं यादी केली. तेव्हा मला विचाराल, तर त्या क्षणाचं श्रेय प्रसंगावधानापेक्षा त्या सरावालाच जास्त जातं.

पण यादीत नसलेलं काही उपटलं तर?

फेब्रुवारी १९७१, अपोलो १४. शेपर्ड आणि मिचेल हे अंतराळवीर चंद्राभोवती फिरताहेत, उतरायची तयारी चाललीय, आणि संगणकाला दिसतंय की ‘अबॉर्ट’चं, म्हणजे उतरणं रद्द करायचं, बटण दाबलं गेलंय. खरं तर कुणी हातही लावलेला नाही. पॅनेलवर टिचकी मारली की संकेत जातो, पुन्हा येतो. बटणात सोल्डरचा, म्हणजे तारा जोडायच्या डाखाचा, सुटा कण अडकला असावा, असा अंदाज. उतरताना हाच संकेत आला असता, तर संगणकानं उतरणं रद्द करून यान परत वर नेलं असतं.

मग प्रोग्रॅम बदलायचा? तेच तर अवघड. तो चुंबकीय कड्यांतून तारा ओवून, अक्षरशः विणून तयार केलेला. कारखान्यातल्या बायकांनी केलेलं ते विणकाम चंद्राजवळ उसवणार कोण? बदलता येण्याजोगी स्मृती होती फक्त २०४८ शब्दांची (शब्द म्हणजे इथे संगणकाच्या स्मृतीतला एक कप्पा).

मॅसॅच्युसेट्समधल्या प्रयोगशाळेत डॉन आइल्स हा तरुण प्रोग्रॅमर होता. उतरण्याच्या प्रोग्रॅमचा मोठा भाग त्यानंच लिहिलेला. त्यानं सुमारे दोन तासांत तोड काढली: अबॉर्ट आधीच सुरू आहे अशी संगणकाची समजूत करून द्यायची, म्हणजे तो बटणाकडे बघणारच नाही. लबाडीच ही, पण काय नामी! आकडे सिम्युलेटरवर तपासले, ह्यूस्टनमार्गे वर वाचून दाखवले आणि मिचेलनी ते एकेक करून कीबोर्डवर दाबले. इथे एक अंक चुकला असता तरी पंचाईत होती.

५ फेब्रुवारीला यान चंद्रावरच्या फ्रा माउरो या भागात उतरलं. उतरताना रडारनं वेगळाच घोळ घातला, पण ती गोष्ट प्रश्नोत्तरांत घेऊ.