कागदाचा पांढरा, काचेमागचा पांढरा

मला नेहमी विचारतात, अहो तुम्ही नक्की वॉटरकलरवाल्या की काचेच्या मोझॅकवाल्या, म्हणजे काचेचे तुकडे जोडून चित्र करणाऱ्या, एक काहीतरी ठरवा ना. काच कापून दाखवण्याआधी त्यावरच थोडं बोलते. मी दोन्ही करते, आणि खरं सांगू का, मला ती दोन वेगळी कामं वाटतच नाहीत, कारण दोन्हीकडे रंग पारदर्शक असतो आणि खरं काम उजेड करतो.

वॉटरकलरमध्ये पांढरा म्हणजे कागद. ट्यूबमध्ये पांढरा मिळतो, पण मी तो शक्यतो टाळते. उजेड रंगाच्या पातळ थरातून आत जातो, कागदावर आपटतो आणि परत त्याच थरातून बाहेर येतो, म्हणजे रंगातून दोनदा जातो, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आहे ना, 'ग्लो ऑफ होप', म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये, कितीतरी लोक ते रविवर्म्याचं समजतात, आणि ते वॉटरकलर आहे हे सांगितलं की अजून चाट पडतात! दिव्याच्या आडोशाला धरलेल्या बोटांमधला तो केशरी उजेड बघा.

आता काच. तुम्ही छान पारदर्शक निळी काच आणता आणि थेट प्लायवर चिकटवता, की ती मेलीच, खालचा तपकिरी वर येतो. तीच काच पांढऱ्या बेसवर, पांढऱ्या अ‍ॅडहेसिव्हमध्ये बसवा, झाला की वॉटरकलर! उजेड आत जातो, पांढऱ्यावर आपटतो, परत येतो. पण तीच काच खिडकीला लावायची असेल, म्हणजे साध्या काचेवर क्लिअर सिलिकॉनने (चिकटवायचा पारदर्शक पदार्थ), तर उजेड तिच्यातून एकदाच जातो, म्हणून रंग फिका दिसतो. त्यामुळे एकच डिझाइन असलं तरी पांढऱ्या बेसच्या बोर्डसाठी मी एक शेड फिकी काच घेते आणि खिडकीसाठी गडद. दुकानात काच नुसती टेबलावर ठेवून बघू नका, उजेडासमोर धरा, मग पांढऱ्या कागदावर ठेवा, मग ठरवा. फोर्टमधल्या राजाबाई टॉवरच्या, म्हणजे १८७८ च्या त्या इमारतीच्या रंगीत काचा दिवसा खालून रस्त्यावरून बघितल्या तर काळपट वाटतात, आत लायब्ररीत गेलं की मग कळतं काय प्रकरण आहे ते.

आणि रंगांचं घराणंही एकच आहे बरं का. काचेतला गडद निळा कोबाल्टने येतो, माझ्या पॅलेटवरचा कोबाल्ट ब्लूसुद्धा त्याच धातूचा. युरोपात तर पूर्वी कोबाल्टची निळी काचच दळून तिची पूड रंग म्हणून वापरायचे, स्मॉल्ट म्हणतात तिला. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कुणीतरी आधीच दोन्ही एकत्र केलंय म्हणून.

फरक आहे तो कडांचा. ओल्या कागदावर डोंगर आभाळात विरघळवता येतो, काचेत प्रत्येक तुकड्याला कड असतेच, आणि वरून ग्राउट, म्हणजे तुकड्यांमधल्या फटी भरायचा लेप. लोक ग्राउट शेवटी उरकून टाकतात, आणि बहुतेकदा पांढरा भरतात! पांढऱ्या ग्राउटने सगळे तुकडे सुटे सुटे दिसतात आणि रंग धुवून निघाल्यासारखे होतात, गडद राखाडी भरला की तेच रंग पेटतात. माझ्या मते ग्राउटचा रंग काच कापायच्या आधी ठरला पाहिजे. म्हणून मी आधी छोटा वॉटरकलर करते, त्यात सगळ्या रेषा राखाडीने काढते आणि मगच कटरला हात लावते.

मुंबईच्या पावसाळ्याचं म्हणाल तर कागद वाळता वाळत नाही, वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या थरात, नको तिथे फुलांसारखे डाग उमटतात, मे महिन्यात उलट, ब्रश पुढे न्यायच्या आत रंग वाळतो. सिलिकॉन मात्र हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे पावसात मी जास्त काचकाम करते, फक्त खिडकी उघडी ठेवावी लागते, त्यातल्या काही प्रकारांना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो.

बरं, आता कापून दाखवते. पुढच्या रांगेतल्यांनी डोळे जपायचे चष्मे लावा, आणि बघा, कटर एकदाच फिरवायचा, त्याच रेषेवर परत नाही, ओल्या वॉशमध्ये आपण परत ब्रश घालत नाही ना, तसंच.