अंडी थांबतात तेव्हा

[गोव्यातला सत्तरी तालुका. कुळागराला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेला, लागून असलेलं घर. नोव्हेंबरची सकाळ. परसात विखुरलेली तांबडी पिसं.]

रात्री खुराड्यात मुंगूस शिरलेलं नाही. कोंबडी जिवंत आहे, धडधाकट आहे. ही बघा. सकाळपासून परसात हिंडतेय आणि जाईल तिथे तिची पिसं पडतायत. मान उघडी पडली, पाठीवर मोकळ्या जागा दिसतायत, शेपटीत दोनच पिसं उरलीत.

गणेश चतुर्थीपर्यंत ही दिवसाआड अंडं देत होती. दिवाळी झाली आणि थांबली. घरच्या वहिनी म्हणाल्या, “म्हातारी झाली ती. नाताळाच्या आधी कापूया.”

तिचं वय पावणेदोन वर्षं. कोंबडीच्या हिशेबात हे म्हातारपण नव्हे. ती कापू नये, एवढं सांगण्यासाठी ही फिल्म केली आहे. त्यासाठी आधी तिच्या पोटात काय चालतं ते बघावं लागेल.

[स्टीलचं ताट. त्यात पिवळ्या बलकांचा घोस.]

शेजारच्या घरी कोंबडी कापली, तिच्या पोटातून हे निघालं. हे अंडाशय. सर्वांत मोठा बलक उद्या-परवाच्या अंड्याचा होता. त्याच्याहून लहान तो त्यानंतरचा. मग वाटाण्याएवढे, मग मोहरीएवढे, आणि त्याखाली डोळ्यांना नीट दिसणारही नाहीत असे कितीतरी. शेवटच्या आठ-दहा दिवसांत बलक झपाट्याने फुगतो. त्यात भरायचं सगळं सामान कोंबडीच्या यकृतात तयार होतं आणि रक्तातून इथवर येतं.

पिकलेला बलक सुटला की नळीत शिरतो. पांढरा भाग चढायला साधारण तीन तास. आतलं पातळ पापुद्र्याचं आवरण बसायला तासाभराहून थोडा जास्त. आणि मग कवच. कवचाला एकट्याला जवळपास वीस तास लागतात. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. दिवसभर टिपलेल्या चाऱ्यातून ते पुरत नाही, विशेषतः रात्री, म्हणून कोंबडी स्वतःच्या हाडांतला साठा काढून देते. या कामासाठी तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळं, पटकन विरघळणारं हाड तयार होतं. अंडी देत नसलेल्या कोंबडीत ते नसतं, कोंबड्यात तर नसतंच.

एक अंडं म्हणजे चोवीस ते सव्वीस तासांचं काम. त्यामुळे रोजचं अंडं आदल्या दिवसापेक्षा थोडं उशिरा पडतं. उशीर होत होत दुपार टळली की मधला एक दिवस जातो. त्या दिवशी कोंबडी आजारी नसते.

[पहाट. खुराड्याच्या फटीतून येणारा उजेड.]

हे सगळं सुरू ठेवायचा हुकूम उजेडाकडून येतो. कोंबडीला दिवसाची लांबी फक्त डोळ्यांनी कळत नाही. उजेड तिच्या पातळ कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो, आणि तिथे तो ओळखणाऱ्या पेशी असतात. झाक बेन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखवलं, की डोळे नसले तरी पक्ष्याचं शरीर उजेडाला जागं होतं. दिवस लांबत गेला की मेंदूतून संप्रेरकं सुटतात आणि अंडाशय कामाला लागतं. दिवस आखडत गेला की ती संप्रेरकं कमी होतात.

ही माहिती मोबाईलवर शोधली तर बहुतेक थंड देशांतली मिळते. लंडनला उन्हाळ्यातला दिवस साडेसोळा तासांचा आणि हिवाळ्यातला जेमतेम आठ तासांचा. आपल्याकडे गोव्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण तेरा तासांचा, डिसेंबरमधला सर्वांत लहान सव्वाअकरा तासांचा. फरक पावणेदोन तासांच्या आसपास. म्हणून इथे एकट्या उजेडावर बोट ठेवून चालत नाही. उजेड इशारा देतो. त्याच सुमारास कोंबडीचं दुसरं काम निघतं, आणि ते काम अंड्यांहून मोठं आहे.

[जवळून : मानेवर फुटलेली नवी पिसं, निळसर देठं.]

हे ते काम. या निळसर काड्या म्हणजे कोवळी पिसं. आत रक्त वाहतंय. हात लावला की कोंबडी दचकते, कारण दुखतं. म्हणून या दिवसांत तिला उगाच उचलू नये.

पीस जवळजवळ पूर्णपणे प्रथिनांचं असतं, त्यात प्रथिनं सुमारे ८५ टक्के. सगळं अंग नव्याने झाकायचं तर ती प्रथिनं कुठून तरी यायला हवीत. अंड्यालाही प्रथिनंच लागतात. दोन्ही कामं एका वेळी होत नाहीत. मग शरीर अंडाशय आवरतं घेतं. ताटात पाहिलेला घोस अशा कोंबडीच्या पोटात सुकून बारीक झालेला असतो. तुरासुद्धा आक्रसतो, फिका पडतो.

पिसं गळतात तीही क्रमाने. आधी डोकं आणि मान, मग छाती आणि पाठ, मग पंख, शेपूट. पंखाची मोठी पिसं आतून बाहेर, एकेक करत जातात. आता इथे नीट बघा.

[दोन कोंबड्या. काळीचा पंख पसरलेला, मग तांबडीचा.]

ही काळी ऑगस्टपासून पिसं गाळतेय. एका वेळी एकच पीस. दिसायला ती कधी बोडकी झालीच नाही, पण महिनोन्‌महिने हेच चाललंय आणि तेवढे महिने अंडं नाही. तांबडीने उशिरा, थेट ऑक्टोबरच्या शेवटी सुरुवात केली आणि तीन-चार पिसं एकदम टाकली. दिसते भयानक. पण दोन-अडीच महिन्यांत तिचं आटोपतं. कोंबड्या पाळणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा, की जी उशिरा आणि झपाट्याने पिसं गाळते तीच भरपूर अंडी देणारी. म्हणजे नाताळाच्या तोंडावर सर्वांत कळाहीन दिसणारी कोंबडी कापली, तर बहुधा घरातली सर्वांत चांगली कोंबडी जाते.

[रस्त्याकडेचं रान. रानकोंबड्याची हाक.]

हा सत्तरीच्या रानातला करडा रानकोंबडा. आपल्या कोंबड्यांचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, तो गोव्यात नाही. पण कोंबडीची पिवळी कातडी या करड्या रानकोंबड्याकडून आली, हे २००८ साली संशोधकांनी जनुकं तपासून दाखवलं. याची मादी एका वेळी चार ते सात अंडी घालते आणि उबवायला बसते. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी ही शेडमधल्या पांढऱ्या लेगहॉर्न जातीची गोष्ट, माणसाने निवडून निवडून घडवलेली. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर देते. बारा-पंधरा झाली की खुडूक होते, एकवीस दिवस बसते, मग पिलं घेऊन फिरते. तेवढे आठवडे अंडं नाही, आणि ते तसंच असायला हवं. ज्या घरात दरवेळी तिला पाण्यात बुडवून खुडूक मोडतात, त्या घरात पिलं विकत आणावी लागतात.

पावसाळ्याचं कारण वेगळं. ढगांनी उजेड मंद, खुराडं ओलं, पोटात जंत, पिसांत उवा. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात, मासळी महागते, घरात अंड्याला मागणी असते आणि नेमकी तेव्हाच अंडी घटतात. खुराडं जमिनीपासून हातभर उंच घेतलं आणि खाली कोरडी राख-भुसा टाकला तर निम्मं काम होतं. उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते, खाणं कमी करते, कवच पातळ येतं. तेव्हा सावली आणि गार पाणी.

[कापणी झालेलं शेत. चरणाऱ्या कोंबड्या. मग वहिनी पाट्यावर काहीतरी वाटताना.]

सरदाची, म्हणजे पावसाळी पिकाची, भातकापणी झालेली, शेतात सांडलेला दाणा आहे, किडे आहेत. पोट भरलेलं आहे आणि तरी अंडं नाही, म्हणून माणसाला ती आळशी वाटते. दाण्यात पिष्ट जास्त, प्रथिनं कमी. या दिवसांत तिला हवी वाळवी, खोबऱ्याची पेंड, मासळी साफ केल्यावर उरलेलं. सुकी मासळी द्यायची तर भिजवून, मीठ काढून. जास्त मिठाने तिला हगवण लागते. वहिनी वाटतायत ती तिसऱ्यांची, म्हणजे खाण्यातल्या शिंपल्यांची, कवचं. कॅल्शियमला याहून स्वस्त काही नाही. ती वेगळ्या करवंटीत ठेवायची, लागेल तेवढी कोंबडी स्वतः उचलते.

काहीजण विचारतात, खुराड्यात बल्ब लावला तर? मोठ्या शेडमध्ये सोळा तास उजेड देतात, अंडी येतात. पिसं गळत असताना मात्र लावू नका. अंगावर पांघरूण नसलेल्या जिवाकडून अंडं ओढून काढणं मला पटत नाही, आणि त्यातून कोंबडी खंगते. नवी पिसं आल्यावर लावायचा असेल तर पहाटे लावा. संध्याकाळी एकदम विझवला की तिला अंधारात बसायची जागा सापडत नाही.

दर हिवाळ्यात अशा कोंबड्या कापल्या जातात, घरची अंडी संपतात, बाईच्या हातातले म्हापशाच्या बाजारातले चार पैसे जातात आणि बेळगावकडून ट्रकने आलेली अंडी घरात येतात.

[जानेवारी. तीच तांबडी कोंबडी, अंगभर पिसं.]

आता तुरा बघा. लाल होतोय, मोठा होतोय. अजून खात्री हवी असेल तर तिला काखेत धरा आणि शेपटीखाली चाचपा. अंडं बाहेर येतं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यात एकच बोट मावलं तर अंडी बंद आहेत. दोन-तीन बोटं सहज मावली तर ती अंड्यावर आलेली आहे. वहिनींनी आज चाचपून पाहिलं, दोन बोटं मावली. काळीला मावलं एकच. कापायचीच झाली तर कुठली, हे आता त्यांचं त्या ठरवतील.