घराण्यातलं दुखणं आणि खिशातली बिडी

सोयरीक ठरवण्याआधी कोकणात अजून गुपचूप चौकशी होते. कलमं किती, मुंबईला कोण असतं, आणि घराण्यात कुणाच्या डोक्यावर परिणाम झाला होता का. ‘तेच्या आज्याक पण असाच होता,’ एवढं कुणी पुटपुटलं की स्थळ मोडतं. घरात दुखणं उघडं पडलं की आधी गाऱ्हाणं, कौल, कुणाची तरी करणी. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाची पायरी त्यानंतर. ब्रिटिशांच्या काळापासून ते इथं आहे, तरी तिथवर पोचायला माणसाची वर्षं जातात.

घराण्याचा संबंध खोटा नाही. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रमांचा मनाचा आजार, शंभरात फार तर एखाद्याला होतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांमध्ये हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं. उरलेल्या नव्वदांची चौकशी कुणी करत नाही. हुबेहूब जुळ्या भावंडांतही एकाला आजार असला, तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसरं त्यातून सुटतं.

२०१४ साली अनेक देशांतल्या संशोधकांनी सुमारे ३७ हजार रुग्णांचे जनुकीय नमुने निरोगी माणसांच्या नमुन्यांशी ताडून पाहिले. स्किझोफ्रेनियाशी नातं असलेल्या गुणसूत्रांवरच्या १०८ जागा मिळाल्या. कुठलीही एक जागा एकटीनं आजार घडवत नाही. पण त्यातली एक ओळखीची निघाली: पंधराव्या गुणसूत्रावरची, तंबाखूतलं निकोटिन पेशीवरच्या ज्या रिसेप्टरला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या खाचेला, जाऊन चिकटतं त्याच्या जनुकांची. तिथलेच बदल २००८ मध्ये तंबाखूच्या व्यसनाशी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाशी जोडले गेले होते.

मग वेड आणि कर्करोग एकाच रक्तातून येतात की काय? इतकी घाई नको. दोघांच्या मधे बिडी उभी आहे, आणि ती रक्तातून येत नाही, टपरीवरून येते.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये धूम्रपान इतरांहून कितीतरी जास्त. घरचेच बंडल आणून देतात. निदान गप्प बसतो! या रुग्णांचं आयुष्य सर्वसाधारणपणे १० ते २० वर्षांनी कमी भरतं, आणि त्याला आत्महत्येपेक्षा हृदयाचे, फुप्फुसांचे आजार जास्त कारण असतात.

‘छातीत कायतरी बसलाहा,’ असं रुग्ण सांगतो. घरच्यांना वाटतं, झाला परत सुरू. खोकला असेल तर पावसाळ्यावर ढकलायचा. वजन उतरलं की क्ष-किरण फोटो, त्यात डाग, आणि थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही कधी कधी टीबीच्या गोळ्या. टीबी इतका घरोघरचा की डॉक्टरांनाही तोच आधी आठवतो. महिने जातात. कर्करोगाची गाठ आहे हे कळल्यावर परळचं टाटा रुग्णालय, आणि कोकण रेल्वेच्या भरल्या डब्यात याला सांभाळणार कोण, हा प्रश्न.

तिथं पोचल्यावर एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बिडीच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत क्लोझापिनसारखं स्किझोफ्रेनियावरचं औषध झपाट्यानं संपवतं, म्हणून बिडी ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. वॉर्डात बिडी एकदम बंद झाली की त्याच डोसात रक्तातलं औषध वाढतं: गुंगी, लाळ, कधी झटकेही. हे निकोटिनमुळे होत नाही, त्यामुळे निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या दिल्यानं टळत नाही. म्हणून परळच्या फाइलमध्ये रत्नागिरीच्या गोळ्यांची चिठ्ठी लावायची, आणि बिडी सुटली त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना फोन करून डोस विचारायचा.